बेबी मावशीच्या दोन खुर्च्या

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, घरात कामं वाटली गेली, आणि माझ्या वाट्याला 'बसवणं' आलं. म्हणजे रिसेप्शनला कोण कुठल्या टेबलावर बसणार ते ठरवायचं, त्याचा तक्ता करून दारात लावायचा आणि प्रत्येकाच्या नावाचं कार्ड टेबलावर ठेवायचं. आईला हे काम आहे हेच मुळी पटेना. "कोण खंय बसतलो तें बरोवन दवरपाचें? लोक म्हळ्यार शाळेंतलीं भुरगीं काय?" लोक म्हणजे काय शाळेतली पोरं, असं तिचं म्हणणं. आम्ही घरात कोंकणी बोलतो आणि लिहायला बसलो की मराठी लिहितो. गोव्यात फोंड्याकडच्या बऱ्याच घरांत असंच चालतं. तेव्हा भांडणं कोंकणीत झाली आणि याद्या मराठीत.

बहिणीचं म्हणणं साधं होतं. लग्न सकाळी देवळात, जेवण देवळाच्याच अग्रशाळेत, तिथे तुमच्या पद्धतीने काय ते करा. संध्याकाळी नदीकाठच्या लॉनवर मात्र जवळची सव्वाशे माणसं टेबलाशी निवांत बसून जेवली पाहिजेत. बाकीच्यांना बुफे. स्टेजवर रांग, फोटो, पाकीट, आइस्क्रीम आणि चालू पडा, असलं रिसेप्शन तिला नको होतं. मलाही नको होतं. पण सव्वाशे माणसं 'बसवणं' म्हणजे काय, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

खरं तर आमच्याकडे हे काम करणारा माणूस होता. नानाकाका. अग्रशाळेत पानं मांडली की ते उपरणं सावरत दारात उभे राहत. हातात कागद नाही, काही नाही. "तुम्ही या इकडे", "भाऊ, तुम्ही खांबाकडे, पाय लांब करायला मिळेल", "वहिनी, तुम्ही दुसऱ्या पंगतीला, आता भटजी बसतायत." कोणाचं कोणाशी बोलणं नाही, कोणाला कोणत्या कानाने ऐकू येत नाही, कोणाला मध्येच उठावं लागतं, कोणाला सोवळ्यातलं पान हवं, सगळं त्यांच्या डोक्यात. दोन रुसलेल्या भावांना ते एकाच रांगेत बसवत, पण मध्ये तीन माणसं घालून. समोरासमोर कधी नाही. समोरासमोर बसलं की नजरानजर होते आणि जेवण जड जातं, असं ते म्हणत. लोक मुकाट्याने सांगितल्या पानावर बसत, कारण जागा देणारा माणूस आपल्याला ओळखतो हे त्यांना माहीत असायचं. तीच जागा कागदावर छापून दिली की माणूस आधी आजूबाजूच्यांची नावं वाचतो आणि मग स्वतःची किंमत काढतो.

आणि विहिणीची पंगत तर काय, संपूर्ण मांडणीशास्त्रच. पाट, पाटाभोवती रांगोळी, उदबत्ती, चांदीचं ताट नसलं तर निदान वाटी, आणि वाढणाऱ्या बायकांनी गायच्या विहिणी. आजीच्या वेळी पाटासमोर रांगोळीत विहीणबाईंचं नाव काढायचे म्हणे. म्हणजे नावाचं कार्डच ते. फक्त जेवण झाल्यावर केरसुणीने झाडून टाकता येणारं.

मानपानाची ही खोड आपल्या मातीत किती जुनी आहे याला लेखी पुरावा आहे. पोर्तुगीज अंमल सुरू झाल्यावर थोड्याच वर्षांत, १५२६ साली, आफोंसो मेशिया या पोर्तुगीज महसूल अधिकाऱ्याने तिसवाडी बेटातल्या गावकरांच्या, म्हणजे गावच्या मूळ हक्कदार घराण्यांच्या, रीतीभाती लिहून काढल्या. त्याला फोराल म्हणतात. त्यात शेती आणि कर तर आहेतच, पण पानाचा विडा आधी कुठल्या गावकराला द्यायचा, याचाही विचार आहे. राज्य बदललं, दर ठरवायचे, वसुली करायची, आणि त्या सगळ्या धामधुमीत विड्याचा क्रम लिहून घ्यावा लागला. तो न लिहिता वसुली झालीच नसती, अशी मला आता खात्री वाटते.

असो. मी बसले गणिताला. पाच फूट व्यासाच्या गोल टेबलाशी आठ माणसं मोकळी बसतात, सहा फुटांच्या टेबलाशी दहा. मंडपवाला पाच फुटांच्या टेबलालाही दहा खुर्च्या लावून देतो, पण मग कोपरं भिडतात आणि वाढप्याला हात घालायला फट राहत नाही. दोन टेबलांच्या मध्ये निदान पाच फूट हवेत, नाहीतर पाठीला पाठ लावून बसलेली दोन माणसं एकदम खुर्ची मागे सरकवतात. आमच्या शेजारच्या आंटीने हे सगळं मला शिकवलं. त्यांच्याकडे टेबलाशी बसून लग्न साजरं करायची रीत जुनी, तिचा हात यावर बसलेला. तिने पहिलाच प्रश्न विचारला: "बँड खंय?" बँड कुठे हे ठरल्याशिवाय म्हातारी माणसं कुठे हे ठरत नाही. तिचा दुसरा नियम असा की एकट्या आलेल्या माणसाला कधीही टेबलाच्या शेवटच्या उरलेल्या खुर्चीवर घालायचं नाही. आधी तो, मग त्याच्याभोवती बाकीचे. हा नियम मी वहीत दोनदा अधोरेखित केला.

पण आंटीकडे येणाऱ्यांची संख्या कळवायची पद्धत आहे. आमच्या पत्रिकेवर असतं 'सहकुटुंब सहपरिवार'. म्हणजे किती? मी फोन करून विचारायला लागले तर लोक दुखावले. "येतां म्हूण सांगलां मगो, आनीक कितें?" एका काकांनी तर, "किती माणसं ते विचारून घालणार का जेवायला?" असं विचारून फोन ठेवला. शेवटी मी माणसांची कार्डं करायचा नाद सोडून घराची कार्डं करायला घेतली. एका कार्डावर घराचं नाव, खाली येतील त्यांची नावं पेन्सिलीने. ज्यांना कुणाला असला तक्ता करायचाय त्यांना माझा एवढाच सल्ला आहे: टेबल नक्की करा, खुर्ची करू नका. खुर्ची माणसं आपापली शोधतात. आणि दर दोन टेबलांमागे एक खुर्ची जास्तीची ठेवा, भिंतीला लावून, कोणाला दिसणार नाही अशी.

टेबलांना नंबर द्यायचे नाहीत हे पप्पांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. नंबर दिले की एक नंबरला कोण आणि चौदा नंबरला कोण, हे पुढची दहा वर्षं निघत राहणार. मग मी नद्यांची नावं घेतली. मांडवी, जुवारी, शापोरा, तेरेखोल, साळ, तळपण, गालजीबाग, कुशावती. मला फार आवडली होती ही कल्पना. आईने यादी वाचली आणि म्हणाली, "मांडवेर कोण?" झालं. नदीलाही रुंदी असते हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. साळीवर बसलेला माणूस मांडवीकडे बघणारच.

शेवटी स्वयंपाकघराने सोडवलं. सोलं, तिरफळं, सुपारी, काजू, चिंच, हळद, मिरी, जायफळ, दालचिनी, लवंग, मेथी, धणे, नारळ, मिरची. चौदा टेबलं, चौदा जिन्नस. टेबलाच्या मध्ये तो जिन्नस परडीत ठेवायचा आणि कार्डालाही थोडा बांधायचा. याचे दोन फायदे मला आधी दिसले नव्हते. एक, नदीकाठी संध्याकाळी वारा सुटतो, कार्डं उडतात, पण सुपारी बांधलेलं कार्ड हलत नाही. दुसरा, ज्यांनी चष्मा गाडीत विसरलाय त्यांना वाचावंच लागत नाही. हातात तिरफळं आली की तिरफळांची परडी शोधायची. आणि तिरफळाचा वास असा की ती परडी आंधळ्यालाही सापडावी.

मिरचीच्या टेबलावर मी भाबडेपणाने मुलाकडच्या मंडळींना घातलं होतं. खोल्याची मिरची, रंगाला इतकी सुंदर, काणकोणातल्या डोंगरउतारावरची, आता भौगोलिक मानांकन मिळालेली. माझ्या डोळ्यांसमोर फक्त लाल रंग होता. दोन दिवस आधी आईने पाहिलं. "विहिणीक मिरसांग?" असं म्हणून ती खालीच बसली. मिरची गेली, तिथे माडाचा गूळ आला. गोड बोला, गोड राहा. रिसेप्शनच्या रात्री साडेआठला त्या एकाच टेबलावर मुंग्यांची रांग लागली. परडीपासून टेबलक्लॉथवर, तिथून विहीणबाईंच्या पदरापर्यंत. नानाकाकांनी शांतपणे परडी उचलून एका ताटलीत पाणी घालून त्यात ठेवली आणि म्हणाले, "मुंग्या येतात म्हणजे गूळ अस्सल आहे." विहीणबाई हसल्या म्हणून निभावलं.

आता तक्ता. आंटी म्हणाली आडनावांप्रमाणे लाव, सगळे तसंच लावतात. मी रोमन अक्षरांत लावून पाहिला आणि अर्ध्या तासात सोडला. गोव्यात आडनावाचं रोमन लेखन म्हणजे इतिहासाचा पेपर. पोर्तुगीज दफ्तरात गेलेले प्रभू 'पोरोबो' होऊन बाहेर आले, कामत 'कामोतीं' झाले, आणि नायकांचं शेपूट एका भावाच्या घरात 'के'वर संपतं, दुसऱ्याच्या घरात 'क्यूयूई'वर. देवनागरीत घेतलं तर हे सगळे पुन्हा आपापल्या अक्षराखाली नीट येऊन बसले. पण मग एकट्या 'न'खाली चौदा नायक! कुठला नायक?

आणि याचं उत्तर गोव्यात एकच असतं. खंयचो? माशेलचा, म्हापशाचा, काकोड्याचा. आपल्याकडे अनोळखी माणूस भेटला की नावाच्या आधी गाव विचारतात आणि गाव कळलं की बाकीचं आपोआप कळतं, असं धरून चालतात. मग तक्ता गावांप्रमाणेच का नको? ही कल्पना सुचली त्या रात्री मला झोप आली नाही, इतकी मी स्वतःवर खूष होते.

माळ्यावर आजोबांच्या घराची एक जुनी खिडकी पडून होती. शिंपल्यांची. काचा महाग होत्या तेव्हा पातळ चपटे शिंपले चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवायचे. उजेड आत यायचा, पण ऊन नाही. आमच्या खिडकीचे निम्मे शिंपले गळून गेले होते. रिकाम्या खाचांत कार्ड सरकवून पाहिलं तर जणू त्यासाठीच कोरल्यासारखं बसलं. मी लाकडाला चुन्यासारखा पांढरा रंग दिला आणि त्यावर कावेच्या लाल रंगात गावांची नावं लिहिली. आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर ती लाल-पांढरी नक्षी असते ना, तो लाल. मागे एक दिवा ठेवला. उरलेले शिंपले दुधासारखे उजळले. इतके दिवस विरोधात असलेली आई दिवा लावल्यावर दोन मिनिटं गप्प उभी राहिली आणि मग म्हणाली, "वयर एक नारळ लाय."

अडचणी आल्याच. नावेली सासष्टीत आहे, दिवाडीवर आहे आणि डिचोलीतही आहे. आमच्याकडे दोन ठिकाणच्या नावेलीचे पाहुणे निघाले. मुंबईत तीन पिढ्या काढलेले लोक कुठल्या गावचे? पप्पा म्हणाले, देव कुठला ते बघ. देव बघितला तर तोही मूळ गावातून सोळाव्या शतकात इकडे आणलेला. कार्डं छापायला दिली तर छापखान्यातून 'प्रभू' आले ते 'प' निराळा, त्याचा पाय मोडलेला, आणि 'रभू' निराळा. सगळी जोडाक्षरं अशीच विस्कटलेली. बदलून मागायला वेळ नव्हता. मग निवृत्त मास्तर असलेल्या एका मामांनी बोरू काढला आणि दोन रात्रींत सगळी कार्डं हाताने लिहिली. प्रत्येक कार्ड नारळाच्या हिराला टोचून उभं केलं. पत्रावळ टाचायला वापरतात तो हीर, दुसरा काही खर्च नाही.

मग बेबी मावशी आली.

बेबी मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. शिरोड्याची. पाळण्यातलं नाव मंदा, पण मंदा तिला कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. लग्न होऊन पेडण्याकडे मांद्र्याला गेली तेव्हा तांदळाच्या ताटात अंगठीने काकांनी नाव लिहिलं, सुलभा. तेव्हापासून रेशनकार्डावर, बँकेत, आधारवर सुलभा. मी यादी केली ती पत्रिका पाठवायच्या पत्त्यांवरून, त्यामुळे तिचं कार्डही तसंच झालं. मांद्रेच्या खाचेत, सोलांच्या टेबलावर, काकांच्या नावाखाली 'सौ. सुलभा'.

रिसेप्शनच्या दोन दिवस आधी ती राहायला आली. चहाचा कप हातात घेऊन खिडकीसमोर उभी राहिली. मी स्वयंपाकघरातून बघत होते. तिने वरून खाली गावं वाचली, शिरोड्याशी थांबली, खाचेत बोट घालून कार्डं एकेक करून पाहिली. मामा, मामी, चुलत मामांची पोरं. मग पुन्हा पहिल्यापासून. ती काही बोलली नाही. चहा संपवून कप धुऊन ठेवायला आत आली तेव्हा मीच म्हटलं, "मावशी, तुझं मांद्र्यात आहे."

तिने जाऊन पाहिलं. "ओ," ती म्हणाली, "ही सुलभा." शेजारणीचं नाव घ्यावं तसं.

त्या रात्री मी यादी पुन्हा काढली. साठ-पासष्ट लग्न झालेल्या बायका. प्रत्येकीला मी नवऱ्याच्या गावात टोचलं होतं, आणि मला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नव्हतं. पुरुषांची गावं मी तपासून घेतली होती, देवापर्यंत मागे जाऊन. बायकांचं कुळार कुठलं, हे यादीत कुठेच नव्हतं. आमच्याकडे माहेराला कुळार म्हणतात. म्हणजे शब्दातच कूळ आहे, आणि माझ्या तक्त्यात त्याला खाच नाही. निम्म्यांची तर सासरची नावं मला ठाऊक होती, जन्मनावं नव्हती. काही मला कुसूमकाकी, मोठी वहिनी, म्हापशाची आत्या अशीच माहीत. म्हापशाची आत्या मूळची आमच्याच घरातली, पण पन्नास वर्षं झाली, ती म्हापशाची.

सगळ्यांची कार्डं बदलायला वेळ नव्हता आणि खरं सांगायचं तर धीरही नव्हता. साठ बायकांना फोन करून 'तुम्ही कुठल्या गावाखाली?' विचारलं असतं तर लग्न मोडायचीच पाळी. मी मामांना एकच जादा कार्ड लिहायला सांगितलं. शिरोडें, बेबी. खाली आडनाव नाही. तिरफळांच्या टेबलावर, तिच्या भावांमध्ये. सुलभाचं कार्ड तसंच ठेवलं. म्हणजे मावशीच्या नावावर दोन खुर्च्या आणि दोन ताटं झाली. केटररच्या माणसाने मोजणी करताना विचारलं, "एक जास्त आहे ना?" मी म्हटलं, नाही, बरोबर आहे.

आईला विचारलं, तुझं कार्ड कुठल्या गावात लावू? ती म्हणाली, "म्हाका खंयची खुर्ची? म्हाका बसपाक वेळ आसतलो?" आणि तसंच झालं. ती रात्रभर हिंडत होती. साडेदहाला मी तिला जबरदस्तीने एका खुर्चीवर बसवलं तेव्हा ती भिंतीला लावलेली, जास्तीची होती.

रिसेप्शनला लोकांनी खिडकीपुढे गर्दी केली, फोटो काढले, स्वतःचं गाव शोधताना दुसऱ्यांची वाचत राहिले. एकमेकांना "तुमी तांतले?" विचारत दोन अनोळखी घरं नातेवाईक निघाली. नानाकाकांनी तक्त्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते लॉनच्या तोंडाशी उभे राहिले आणि आपल्या मनाने माणसं बसवत गेले. माझ्या मोजणीने अकरा जणांना त्यांनी भलत्याच टेबलावर नेलं. त्यांतल्या एका जागेचं कारण मला दोन दिवसांनी कळलं, जमिनीच्या वाटणीचं होतं. बाकी दहांची कारणं मी विचारलेली नाहीत.

बेबी मावशी आधी तिरफळांवर बसली. सूप आणि स्टार्टर होईपर्यंत भावांबरोबर इतकी हसत होती की बँडवाला दोनदा तिकडे बघत होता. मुख्य जेवण आल्यावर उठली, पदर खोचला, आणि सोलांच्या टेबलावर काकांशेजारी जाऊन बसली. काकांनी तिच्यासाठी सोलकढीचा ग्लास झाकून ठेवला होता. तिरफळांवरची तिची खुर्ची उरलेल्या वेळात पर्स, शाली आणि एका झोपलेल्या मुलाने भरली.

निघताना तिने सुलभाचं कार्ड उचलून पिशवीत टाकलं. बेबीचं तिथेच राहिलं. विसरली की मुद्दाम, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेली कार्डं गोळा केली. न आलेल्यांची वीसेक होती. आईने एकही फेकू दिलं नाही. सुपाऱ्या सोडून पूजेच्या डब्यात गेल्या, हळद बरणीत, काजू पोरांनी संपवले. तिरफळांचे घोस मात्र तिने कार्डासकट मसाल्याच्या डब्यात ठेवले. फाल्गुनभर बांगड्याची उडीदमेथी केली की ती एक घोस सोडायची आणि पानं वाढताना सांगायची, आज म्हापशाचे नायक, आज डिचोलीचे सावंत. पप्पा विचारायचे, हे आले का नव्हते? आणि मग त्यांच्यावर पंधरा मिनिटं जायची.

परवा डब्यात शेवटचा घोस उरला होता. मी हात घातला तर आई भाजत असलेलं खोबरं तसंच सोडून वळली.

"तें बेबीचें," ती म्हणाली. "ती आयतारा येता. बांगडे तीच हाडटली."